मराठवाड्यातून कोकण किनाऱ्यावर: होडीचा प्रवास आणि मच्छीमार गावाचा सण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी परभणीचा. शाळेत भूगोल शिकवतो. गेली काही वर्षं परभणी, सेलू, गंगाखेड भागातली पंधरा-सोळा माणसं जमवून आम्ही कोकण किनाऱ्यावर जातो. हा धंदा नाही, खर्च सगळे वाटून घेतात. जून लागला की तेच तेच प्रश्न घेऊन फोन सुरू होतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

नारळी पौर्णिमेला गेलो तर होडीतून किनारा बघता येईल ना?

नाही. सगळ्यात जास्त माणसं इथंच फसतात. नारळी पौर्णिमा श्रावणात, म्हणजे ऑगस्टमध्ये येते. प्रवासी होड्या मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत बंद असतात. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी या काळात सुटत नाही, मुरूडहून जंजिऱ्याला जाणारीही नाही. कुणी जास्त पैसे घेऊन नेतो म्हणाला, तरी बसू नका. त्या दिवसांत समुद्र मातकट असतो आणि लाटांचा आवाज गावाच्या आतपर्यंत येतो. आपल्याकडं नदीला पूर आल्यावर उतारावरून पलीकडे जायची कुणाची छाती होत नाही, तसंच हे समजा.

त्या दिवसांत पाण्यावर जायचंच असेल तर खाडीतल्या फेरीबोटी आहेत: दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ, वेश्वी ते बागमांडला. त्यात मोटारीही चढतात. हवा फार बिघडली नसेल तर त्या पावसाळ्यातही चालतात. लेकरांना तेवढ्यातही खूप आनंद होतो.

मग सण आणि होडीचा प्रवास एकाच सहलीत जमवायचा कसा?

होळीला जा. फाल्गुनात समुद्र शांत असतो, होड्या सुरू असतात, आणि होळी हा कोळ्यांचा नारळी पौर्णिमेइतकाच जिव्हाळ्याचा सण आहे. रायगड आणि मुंबईकडच्या कोळीवाड्यांत होळीला होड्या सजवतात, पूजतात. रत्नागिरी, सिंधुदुर्गात तोच शिमगा. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, गुहागर-दापोलीकडे संकासुर आणि गोमू ही शिमग्याची सोंगं नाचतात, आणि काही खाडीकाठच्या गावांत पालखी होडीतून पाणी ओलांडते.

अडचण आपल्या घरची असते. होळीला पुरणपोळी सोडून बाहेर कसं जायचं, दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू असतात, हरभरा-गहू काढणीला आलेला असतो. शिमगा मात्र एका दिवसात संपत नाही. पुष्कळ गावांत पालखीचा सोहळा होळीनंतरही काही दिवस चालतो. घरची होळी करून दुसऱ्या रात्री निघालो तरी तो सापडतो. आम्ही तसंच करतो.

नारळी पौर्णिमेला गावात नक्की काय असतं?

आपल्या माणसाला मी एकाच शब्दात सांगतो: पोळा. श्रावणी पौर्णिमेला त्यांचा सण, त्याच श्रावणाच्या अमावास्येला आपला पोळा. मधे पंधरा दिवस. आपण बैलाची खांदेमळणी करतो, शिंगं रंगवतो, झूल घालतो, त्या दिवशी त्याला जुंपत नाही. ते होडीला रंग देतात, डोलकाठीवर बावटे लावतात, हार घालतात, तिला कुंकू लावून तिच्यापुढं नारळ फोडतात. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याचे पाय धरण्याचा हा दिवस आहे, आणि हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

संध्याकाळी मिरवणूक निघते. सोनेरी कागदात मढवलेला नारळ असतो, त्यालाच सोन्याचा नारळ म्हणतात. नऊवारी नेसून, अंगावर दागिने घालून बाया पुढं असतात, वाजंत्री असते. किनाऱ्यावर पूजा होते आणि मानाचा माणूस तो नारळ समुद्राला अर्पण करतो. मागणं एवढंच असतं की दर्या शांत हो, पाण्यावर गेलेली माणसं परत आण. मालवणला बंदरावर मोठी गर्दी जमते आणि नारळ लढवण्याच्या स्पर्धा लागतात: एकाच्या हातातल्या नारळावर दुसऱ्यानं आपला नारळ आपटायचा, फुटेल तो हरला.

या सणामागं पोटापाण्याचा हिशेब आहे. राज्याच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. ते पुष्कळ माशांच्या विणीचे दिवस आणि वादळी हवेचेही. दोन महिने होडी वर ओढून ठेवलेली, जाळी दुरुस्त करणं सुरू, हातात पैसा नाही. बंदी उठली म्हणून सगळेच दुसऱ्या दिवशी निघत नाहीत. कित्येक घरं नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाहीत. मृगाकडं डोळे लावून बसणं ज्याला माहीत आहे, त्याला त्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या चेहऱ्यांवर काय असतं ते लगेच कळतं. मी पहिल्या वर्षी फोटो काढायला म्हणून पुढं गेलो होतो. कॅमेरा तसाच गळ्यात राहिला.

तारीख कोणती धरायची?

कॅलेंडर बघून तिकिटं काढू नका. पौर्णिमा कधी कधी दोन दिवसांत विभागून येते, आणि मग एका गावाची मिरवणूक आदल्या दिवशी, शेजारच्या गावाची दुसऱ्या दिवशी असं होतं. जिथं जायचं त्या गावात आधी विचारा. राखी पौर्णिमाही हीच, त्यामुळं बहिणी माहेरी येणार असतील तर घरच्यांशी बोलूनच ठरवा.

शिडाची होडी मिळते का?

प्रवाशांना मिळते ती बहुतेक इंजिनाची होडी. मासेमारीही आता इंजिनावरच चालते. शीड हौसेच्या नौकांवर, शर्यतींत आणि थोड्याफार लहान होड्यांवर उरलं आहे. सिंधुदुर्गात तुम्हाला एका बाजूला लाकडाचा ओंडका बांधलेल्या अरुंद होड्या दिसतील. त्या ओंडक्याला उलांडी म्हणतात. तिच्यामुळं होडी कलंडत नाही. मालवण-तारकर्लीकडं एखादा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, तयार झाला तर खाडीच्या शांत पाण्यात शीड उभारून दाखवतो. त्यासाठी ओळख आणि वेळ दोन्ही लागतात.

इथं थोडं लांबण लावतो, कारण हा माझा विषय आहे. खारे वारे आणि मतलई वारे मी वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून शिकवले. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो, तो मतलई. दुपारी जमीन तापते आणि वारा समुद्राकडून आत येतो, तो खारा. शिडाच्या काळात मच्छीमाराचा सगळा दिवस या दोन वाऱ्यांवर बेतलेला होता: पहाटे मतलईवर बाहेर, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी. एका फाल्गुनात पहाटे पाच वाजता होडीत बसलो आणि पाठीवर गार वारा आला, त्याला ओल्या मातीचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. गावाचा वास घेऊन वारा समुद्रावर निघाला होता. तो धडा मी आता वेगळा शिकवतो. म्हणून होडीत बसायचं तर शक्यतो सकाळी. दुपारी खारा वारा वाढला की पाणी खडबडीत होतं आणि अंगावर तुषार येतात.

खडकाळ किनारा बघायचा तर कुठून कुठपर्यंत?

उत्तरेकडून धरलं तर हरिहरेश्वर ते विजयदुर्ग हा पट्टा माझा सगळ्यात आवडता. तो एका दमात होडीनं करता येत नाही, करूही नये. गाडीनं जायचं, खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या, आणि दोन-तीन ठिकाणी होडीत बसायचं.

हरिहरेश्वरला लाटांनी खडक खालून कातून सपाट ओटे केले आहेत. हात लावून बघा. तो आपलाच खडक आहे. वेरूळची लेणी ज्यात कोरली, देवगिरीचा कडा ज्याचा आहे, आपल्या विहिरी खणताना ज्याच्यावर सुरुंग लावावे लागतात, तोच काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचं पूर्वेचं पठार म्हणजे आपण, आणि पश्चिमेची कड इथं समुद्रात बुडालेली. आमच्याबरोबर आलेले एक विहीर खोदणारे बाबा त्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिले होते. दक्षिणेकडं जाल तसा वर लाल जांभा दिसू लागतो, आणि मालवणच्या आसपास आपल्या लाव्हापेक्षा कितीतरी जुने खडक येतात.

हर्णैला होडीतून सुवर्णदुर्गाला फेरी मारता येते. इथं संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो, तो चुकवू नका. किनारा उथळ असल्यानं मोठ्या होड्या लांब नांगर टाकतात आणि मासळी काठावर आणायला बैलगाड्या पाण्यात शिरलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. खाऱ्या पाण्यात पोटापर्यंत उभे असलेले बैल बघून आमच्या गाडीतली सगळी मंडळी गप्प झाली.

हेदवीची बामणघळ म्हणजे खडकातली अरुंद भेग. भरतीला लाट तिच्यात घुसते आणि पाणी उंच उसळतं. लांबून बघा. घळीच्या ओठावर उभं राहू नका, तिथला खडक ओला आणि निसरडा असतो.

मालवणचा सिंधुदुर्ग कुरटे बेटावर आहे. त्याच्या बांधकामाला २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरुवात झाली. होडीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तटाच्या अगदी जवळ गेल्याशिवाय महादरवाजा दिसत नाही. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत. होडी सरळ न जाता वळणं घेत जाते ती त्यामुळंच. ज्याला वाट माहीत नाही त्याच्या गलबताचं काय होत असेल, हे तिथं बसल्याबसल्या कळतं.

भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची?

मच्छीमारांचा जुना हिशेब आहे आणि तो आपल्या पंचांगावर चालतो. पक्षातली तिथी घ्या आणि तिला पाऊण तासानं गुणा. चतुर्थीला चार पाऊण म्हणजे तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. जागेप्रमाणं अर्धा-पाऊण तास पुढंमागं धरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी फार चढतं आणि फार उतरतं, ते उधाण. अष्टमी-नवमीकडं चढउतार कमी, तो भांग. लहान लेकरं आणि म्हातारी माणसं असतील तर होडीसाठी भांगाचे दिवस निवडा. आणि एक लक्षात घ्या: नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीच्या वेळी, संध्याकाळी, ओहोटी असते. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या आणि शेवाळलेल्या असतात. दरवर्षी कुणीतरी तिथं घसरतं.

आम्हाला पोहता येत नाही. होडीत बसावं का?

बसा. आमच्यातल्या निम्म्यांना येत नाही. जीवरक्षक जाकीट घालूनच बसायचं, पट्टे आवळून. जाकीट सगळ्यांना पुरत नसतील तर ती होडी सोडून द्या. तांडेल बस म्हणाला की बसायचं, फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला जायचं नाही. खरा धोका होडीपेक्षा किनाऱ्यावर जास्त आहे. विहिरीत, कालव्यात पोहणारी आपली पोरं समुद्र बघून बेभान होतात. विहिरीचं पाणी ओढत नाही, समुद्राचं ओढतं. स्थानिक माणसं जिथं उतरत नाहीत तिथं गुडघ्याच्या पुढं जायचं नाही, हा आमच्या सहलीचा पक्का नियम आहे.

होडी लागली तर?

उपाशी बसू नका, तुडुंब जेवूनही बसू नका. अर्धी भाकर, कोरडं काहीतरी पोटात असावं. मागच्या भागात, मधोमध बसा, नाळेकडं, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडं, उसळी जास्त लागते. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइल खिशात. गाडी लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी घ्यावी. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

आम्ही माळकरी आहोत. श्रावणही पाळतो. तिथं आमचं जेवणाचं कसं होणार?

हा प्रश्न विचारताना माणसं फार संकोचतात. नारळी पौर्णिमेच्या दिवशी तिथल्या घरांत गोडाचं असतं: नारळी भात, ओल्या नारळाच्या करंज्या. गूळ, तांदूळ, खोबरं. तुम्ही पोटभर जेवू शकता, आणि यजमानांना त्याचा आनंद होतो. एरवीच्या दिवसांत आधी सांगितलं तर सोलकढी, भात, भाजी मिळते. आमच्याबरोबर पंढरीची वारी करणाऱ्या दोन आजी दरवर्षी असतात, त्यांची कधी उपासमार झाली नाही.

वासाचं म्हणाल तर ताज्या मासळीला वास कमी असतो. सुकवलेल्या बोंबलाला, जवळ्याला असतो. नाकाला रुमाल लावून गावातून फिरू नका. आपल्या गोठ्याशी येऊन कुणी नाक धरलं तर आपल्याला कसं वाटेल?

तिथले सगळे कोळीच का?

नाही. मुंबई, ठाणे, पालघर, रायगडकडं कोळी. रत्नागिरीकडं खारवी, भंडारी आणि दालदी मुसलमानही. सिंधुदुर्गात गाबीत. बोली, देव, चालीरीती वेगळ्या आहेत. माशाची नावंसुद्धा बदलतात. मुंबईचं पापलेट मालवणला सरंगा होतं. मालवणात सरसकट सगळ्यांना कोळी म्हणू नका.

गावात वागायचं कसं?

पाहुण्यासारखं. वाळत घातलेलं जाळं ओलांडायचं नाही, चपलेनं तर मुळीच नाही. होडीवर विचारल्याशिवाय चढायचं नाही. लिलाव चालू असताना मधे उभं राहून भाव विचारायचा नाही, त्या चार मिनिटांवर एखाद्याची अख्खी फेरी अवलंबून असते. बायांचे फोटो विचारून काढा. त्या कामात असतात. मासळी विकण्याचा, पैशाचा व्यवहार बहुतेक घरांत त्यांच्याच हातात असतो, आणि त्यांच्याशी बोलायला बसलात तर सहल सार्थकी लागते.

रापण ओढताना बघायला मिळाली तर नशीब समजा. मोठं जाळं होडीनं अर्धवर्तुळात टाकतात आणि दोन्ही टोकांनी माणसं किनाऱ्यावरून ओढतात. ओढणाऱ्यांना वाटा मिळतो. पूर्वी गावाची गावं रापणीला लागत. आता पर्ससीन जाळी, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणारी मोठी जाळी, आणि रात्री एलईडी दिवे लावून होणारी मासेमारी यांमुळं लहान माणसाच्या हाती कमी लागतं, ही तिथली मोठी वेदना आहे. दिव्यांच्या मासेमारीला बंदी आहे, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. आपल्याकडं ज्याची बोअर खोल त्याचं पाणी, शेजाऱ्याची विहीर कोरडी. ते बोलू लागले की हेच आठवतं. या विषयावर त्यांना शिकवायला जाऊ नका, ऐका.

सोबत काय न्यावं?

ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, करडईचं तेल. तिथं ज्वारी पिकत नाही. आमच्या धपाट्यांना एका गावात एवढी मागणी आली की आता पीठ जास्तच नेतो. पावसाळ्यात गेलात तर रबरी तळाची चप्पल, आणि कपड्यांचे दोन जोड जास्त, कारण तिथं काही वाळत नाही.

जायचं कसं? खर्च किती?

परभणीहून मालवण सहाशे किलोमीटरच्या पुढं आहे. नागपूर–रत्नागिरी महामार्ग नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत रत्नागिरीला उतरतो, त्यामुळं नांदेड-लातूरकरांना रस्ता सरळ आहे. घाट दिवसाच उतरा. पावसाळ्यात आंबा, फोंडा, करूळ घाटांत दरड पडते, निघायच्या दिवशी चौकशी करा. रेल्वेनं पनवेल गाठून पुढं कोकण रेल्वेही धरता येते, पावसाळ्यात तिचं वेळापत्रक वेगळं असतं. होडीचं भाडं धक्क्यावरच्या खिडकीवर लिहिलेलं असतं, ते बघूनच बसा. बाकी खर्च तुम्ही कुठं उतरता यावर आहे.

एवढ्या लांब जायचं जमणार नाही. आपल्याकडं काही नाही का?

समुद्र नाही, पण पाण्यावर जगणारी माणसं आहेत. जायकवाडीचा नाथसागर बघा. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. पैठणला धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. त्या पाण्यावर आपले भोई बांधव थर्माकोलच्या चप्पूवर किंवा फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकतात. कटला, रोहू, मरळ, वाम. त्यांच्याकडं कोकणातल्यासारख्या होड्या नाहीत, धक्का नाही, आणि त्यांचा सण बघायला बाहेरून कुणी येत नाही. कोकणात जाऊन आल्यावर मला याची लाज वाटली. आता आमच्या सहलीआधी एक पहाट आम्ही पैठणच्या काठावर घालवतो, लेकरांना भोयांशी बोलायला लावतो, आणि तिथंच मासळी विकत घेतो.

सणाच्या दिवशीच बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला तर?

तीन नंबरचा बावटा म्हणजे हवा बिघडण्याचा इशारा. तो लागला की पाण्याकडं जायचं नाही, कितीही लांबून आलेले असा. आमचं एकदा तसं झालं. मिरवणूक निघाली, पण पाऊस आडवा मारत होता आणि होड्या एकमेकींना घट्ट बांधून ठेवलेल्या होत्या. एका म्हाताऱ्या तांडेलानं धक्क्यावरूनच वाकून नारळ सोडला. लाटेनं तो परत आणून पायरीवर ठेवला. त्यानं तो पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. तिसऱ्या वेळी लाट तो घेऊन गेली, तेव्हा बाया गायला लागल्या. आम्ही त्या रात्री तिथंच एका घराच्या पडवीत झोपलो आणि होडीत पाय न ठेवताच परभणीला परतलो. पुढच्या शिमग्याला त्याच घरी उतरलो.